ग्रामीण डाक सेवक, प्रोव्हिजनल आणि बदली कामगार: नेमताना व कमी करताना पाळायची न्याय्य पद्धत

गावातील शाखा डाकघरातून एखाद्याला कमी केले जाते, तेव्हा सगळी चर्चा त्या शेवटच्या आदेशाभोवती फिरते. नोटीस दिली होती का, कारण सांगितले का, त्याच्या जागी दुसऱ्याला कोणाच्या सांगण्यावरून घेतले, असे प्रश्न विचारले जातात. मात्र अशी प्रकरणे मुळापासून पाहिली, तर खरा घोळ बहुतेक वेळा नेमणुकीच्या दिवशीच झालेला आढळतो. माणूस कोणत्या जागेवर, कोणाच्या आदेशाने, किती काळासाठी आणि कोणत्या नात्याने कामाला लागला, याचा धड कागद नसतो. मग काही वर्षांनी कर्मचारी म्हणतो की मी कायमचा आहे आणि कार्यालय म्हणते की तू आमचा कधीच नव्हतास. पुढील पायऱ्या नेमणूक करणारे उपविभागीय निरीक्षक किंवा अधीक्षक आणि प्रत्यक्ष काम करणारा माणूस, अशा दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण एकाने जपायचा कागद दुसऱ्याने द्यायचा असतो.

पहिली पायरी: आपण नेमके कोण आहोत, हे ठरवणे

डाकघरात काम करणारा प्रत्येक अर्धवेळ माणूस ग्रामीण डाक सेवक नसतो, आणि प्रत्येकाला मिळणारे संरक्षणही सारखे नसते. हा फरक लक्षात न घेता केलेली तक्रार पहिल्याच टप्प्यावर कोसळते.

नियमित निवड होऊन आलेले शाखा डाकपाल, सहाय्यक शाखा डाकपाल आणि डाक सेवक, म्हणजेच ग्रामीण डाक सेवक, हा पहिला वर्ग होय. पूर्वी यांना ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट’ म्हणत आणि त्यांना १९६४ चे नियम लागू होते. २००१ च्या नियमांपासून ग्रामीण डाक सेवक हे नाव आले, पुढे २०११ चे आणि त्यानंतर २०२० चे आचरण व नियुक्ती नियम आले. नियम सांगतात की हे सेवक केंद्राच्या नागरी सेवेबाहेरचे आहेत आणि नियमित सरकारी कर्मचाऱ्यांशी बरोबरीचा दावा त्यांना करता येत नाही. एवढेच वाचून अनेक जण समजतात की यांना केव्हाही घरी पाठवता येते. ही समजूत चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पी. के. राजम्मा प्रकरणात स्पष्ट केले की हे कर्मचारी नियमित सेवेबाहेरचे असले तरी ते नागरी पद धारण करतात, आणि म्हणून संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण त्यांना मिळते. म्हणजेच नेमणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकारी त्यांना बडतर्फ करू शकत नाही, आणि आरोप कळवून बचावाची वाजवी संधी दिल्याशिवाय त्यांना गैरवर्तनासाठी काढता येत नाही.

दुसरा वर्ग प्रोव्हिजनल नेमणुकीचा आहे. जागा रिकामी झाली पण नियमित भरती व्हायची आहे, किंवा मूळ सेवकाला ‘पुट ऑफ’ केले आहे, म्हणजे चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवले आहे, अथवा त्याला काढून टाकले आहे पण त्याचे अपील चालू आहे, अशा वेळी ठरावीक मुदतीसाठी आणि लेखी आदेशाने माणूस घेतला जातो. हा आदेश खात्यानेच काढलेला असतो, त्यामुळे या माणसाचे नाते थेट खात्याशी असते.

तिसरा वर्ग बदलीचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘सबस्टिट्यूट’चा. सेवक रजेवर गेला की त्याच्या जागी काही दिवस उभा राहणारा हा माणूस बहुधा त्याच घरातला किंवा शेजारचा असतो. त्याची बाजू कायद्याने सर्वांत दुबळी आहे. अमुक दिवस बदली म्हणून काम केले एवढ्यावरून नियमित नेमणुकीचा हक्क निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने देबिका गुहा प्रकरणात २००० साली म्हटले. मात्र दीर्घकाळ सलग काम केलेल्यांच्या प्रकरणांचा विचार खाते करू शकते, एवढी फट त्याच निकालात ठेवलेली आहे. झाडलोट, पाणी भरणे, थैल्या वाहणे अशा कामांसाठी रोजंदारीवर घेतलेले कॅज्युअल मजूर हा चौथा वर्ग आहे. त्यांचे नियम वेगळे असल्याने त्यांची गल्लत सेवकांशी करू नये.

आपला वर्ग ओळखण्यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात: नेमणुकीच्या आदेशावर सही कोणाची आहे, आदेशात मुदत किंवा अट लिहिलेली आहे का, आणि मोबदला कोणाच्या नावाने निघतो. पैसे मूळ सेवकाच्या खात्यात जमा होऊन त्याच्याकडून हातात मिळत असतील, तर काम कितीही वर्षे केले तरी खात्याच्या नोंदीत तुमचे अस्तित्व जवळपास शून्य असते. अन्यायाची सर्वांत मोठी खाण हीच आहे, असे माझे मत आहे.

दुसरी पायरी: नियमित निवड

या टप्प्यावर आता फारसा वाव उरलेला नाही, आणि ते चांगलेच झाले. मुलाखत नाही, ऑनलाइन अर्जातील दहावीच्या गुणांवरून गुणवत्ता यादी लागते आणि टक्केवारी चार दशांश स्थळांपर्यंत मोजली जाते. वरच्या पदवीला वेगळे वजन नाही. वय १८ ते ४० असावे लागते आणि राखीव गटांना त्यात सवलत आहे. दहावीला गणित व इंग्रजी हे विषय, स्थानिक भाषेचा दहावीपर्यंतचा अभ्यास, संगणकाचे जुजबी ज्ञान, सायकल चालवता येणे आणि उपजीविकेचे दुसरे साधन असणे, या अटी आहेत. निवड झाल्यावर शाखा डाकपालाने डाकघराच्या गावातच राहायचे असते. इतरांनी त्या डाकघराच्या वितरण क्षेत्रात राहिले तरी चालते.

तरीही कागदपत्रांच्या पडताळणीत अन्याय होऊ शकतो. अधिकाऱ्याने लक्षात ठेवायचे ते एवढेच की पडताळणी ही दुसरी मुलाखत नव्हे. गावात राहण्याची तयारी दाखवणाऱ्या परगावच्या उमेदवाराला ‘तू इथला नाहीस’ म्हणून परत पाठवता येत नाही, आणि डाकघरासाठी जागा मिळवून देण्याची अट आधी पूर्ण कर, मगच कागद पाहू, असा उलटा क्रमही लावू नये. नाकारायचे असेल तर कोणती अट, कोणत्या कागदामुळे पूर्ण झाली नाही, हे एका वाक्यात लेखी द्यावे. दुसऱ्या राज्याच्या मंडळाची गुणपत्रिका संशयास्पद वाटली तर ती त्या मंडळाकडून तपासून घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत निर्णय राखून ठेवावा. बनावट गुणपत्रिकांमुळे खऱ्या उमेदवारांची जागा जाते हे खरे असले, तरी संशय म्हणजे पुरावा नव्हे. उमेदवाराने आपल्या बाजूने सादर केलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून तिच्यावर पोच घ्यावी.

तिसरी पायरी: बदली माणूस घेताना

समजा, एका गावात एकाच माणसावर चालणारे शाखा डाकघर आहे आणि तेथील महिला शाखा डाकपाल १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर जात आहेत. जेथे दोन-तीन सेवक असतात तेथे उरलेल्यांत काम वाटून देता येते. येथे ती सोय नाही. जवळपास सहा महिने रोखपेटी, बचत खात्यांची पासबुके, निवृत्तिवेतनाचे पैसे आणि व्यवहार नोंदवण्याचे यंत्र हे सगळे बाहेरच्या माणसाच्या हाती जाणार आहे. प्रत्यक्षात होते असे की बाई आपल्या दिराचे नाव सुचवतात, मेल ओव्हरसियर (शाखा डाकघरांवर देखरेख करणारा कर्मचारी) तोंडी होकार देतो आणि दुसऱ्या दिवसापासून दीर कामाला लागतो. पुढे रोख कमी भरली तर जबाबदार कोण, आणि सहा महिन्यांनी दिराने ‘मला का काढले’ असे विचारले तर उत्तर कोणी द्यायचे, याचा पत्ता नसतो.

न्याय्य रीतीत रजेच्या अर्जासोबतच बदली माणसाचा स्वतंत्र अर्ज घ्यावा. त्यात वय, शिक्षण, पत्ता आणि रजेवर जाणाऱ्या सेवकाशी असलेले नाते हे सर्व लिहून घ्यावे. नाते लपवण्यासारखे काही नसते; मात्र जवळचे नातेवाईक एकाच कार्यालयात असले की अफरातफर झाकली जाण्याचा धोका वाढतो, म्हणून त्याची नोंद आधीच असलेली बरी. त्यानंतर निरीक्षकाने लेखी आदेश काढावा. या आदेशात पाच गोष्टी निःसंदिग्धपणे याव्यात: कोणाच्या जागी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मोबदल्याचा दर काय व तो कोणाच्या खात्यात जमा होणार, मूळ सेवक मुदतीपूर्वी परतल्यास काम त्याच दिवशी संपेल, आणि या कामावरून नियमित नेमणुकीचा हक्क मिळणार नाही. शेवटची अट वाचायला कठोर वाटते. पण ती आरंभीच सांगणे हे माणसाला वर्षानुवर्षे आशेवर झुलवत ठेवण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. आदेशाची एक प्रत बदली माणसाला द्यावी आणि ती मिळाल्याची सही घ्यावी.

रोख, तिकिटे, शिक्के आणि यंत्र यांचा ताबा देताना घेणाऱ्याची व देणाऱ्याची सही असलेली ताबा पावती करावी आणि काम संपताना तीच प्रक्रिया उलट्या क्रमाने करावी. बदली माणसाने या पावत्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. काम किती दिवस केले याचा पुरावा पुढे लागला, तर या पावत्या, दैनिक हिशेबावरील सह्या आणि बँकेतील जमा नोंदी हेच उपयोगी पडते. गावातल्या दहा जणांचे शपथपत्र तितके टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. रजा संपल्यावर सेवक परतलाच नाही, राजीनामा दिला किंवा त्याचे निधन झाले, तर जुन्या बदली आदेशावरच काम पुढे ढकलत राहू नये. त्या दिवसापासून जागेचे स्वरूप बदललेले असते. एकतर शेजारच्या डाकघराला काम जोडून द्यावे किंवा रीतसर प्रोव्हिजनल नेमणूक करावी. तीन महिन्यांची बदली सहा-सात वर्षे चालते, ती नेमकी या निष्काळजीपणामुळे.

चौथी पायरी: प्रोव्हिजनल नेमणूक आणि तिचा शेवट

प्रोव्हिजनल आदेशात कारण लिहिणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण नेमणूक कधी संपणार हे त्या कारणावरूनच ठरते. नियमित भरती होईपर्यंत नेमलेला माणूस नियमित उमेदवार रुजू झाल्यावर जातो. पुट ऑफ झालेल्याच्या जागी नेमलेला माणूस मूळ सेवक परत घेतला गेल्यावर जातो. यांपैकी काहीही घडलेले नसताना एका प्रोव्हिजनल माणसाला काढून दुसरा प्रोव्हिजनल माणूस बसवणे मनमानी ठरते. तात्पुरत्या कर्मचाऱ्याची जागा नियमित निवड झालेल्यानेच घ्यावी, दुसऱ्या तात्पुरत्याने नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या प्यारा सिंग निकालात मांडले आहे. नवा अधिकारी आला की ‘आपली’ माणसे बसवण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, तिला हेच उत्तर आहे.

तीन वर्षे किंवा अधिक काळ सलग प्रोव्हिजनल काम केलेल्या आणि केवळ प्रशासकीय कारणाने कमी केलेल्या माणसाचे नाव प्रतीक्षा यादीत घेऊन पर्यायी जागेसाठी त्याचा विचार करावा, अशा सूचना डाक महासंचालकांनी १८ मे १९७९ च्या पत्राने दिलेल्या आहेत. अनेकांना हे पत्र माहीतच नसते. आपण या वर्गात येत असाल, तर कमी करण्याचा आदेश हाती पडताच नाव यादीत घेण्याचा अर्ज द्यावा, आणि अर्जात प्रत्येक नेमणूक आदेशाचा क्रमांक व तारीख लिहावी.

पाचवी पायरी: तीन वर्षांच्या आत कमी करणे

नियमित निवड झालेल्या, पण तीन वर्षांहून अधिक सलग सेवा न झालेल्या सेवकाची नेमणूक एक महिन्याच्या लेखी नोटिशीने संपवता येते. सेवकालाही याच रीतीने काम सोडता येते. तात्काळ कमी करायचे असेल तर नोटिशीच्या मुदतीइतका भत्ता, म्हणजे टीआरसीए (सेवकाला पगाराऐवजी मिळणारा मूळ मासिक भत्ता) आणि त्यावरील महागाई भत्ता, मागण्याचा हक्क सेवकाला असतो. खात्यातले लोक याला नुसते ‘नियम आठ’ म्हणतात.

हा नियम सोपा आहे आणि म्हणूनच त्याचा गैरवापर होतो. काम समाधानकारक नाही किंवा जागाच उरली नाही, अशा वर्तनाशी संबंध नसलेल्या कारणांसाठी तो आहे. सेवकावर पैसे खाल्ल्याचा, बनावट गुणपत्रिका दिल्याचा किंवा पार्सल फोडल्याचा आरोप असेल आणि चौकशीची कटकट नको म्हणून नियम आठखाली एका ओळीचा आदेश काढला, तर तो आदेश दिसायला निरुपद्रवी असला तरी न्यायाधिकरण त्याच्या मागे जाऊन पाहू शकते. आरोप हाच पाया असेल, तर ती शिक्षा ठरते आणि चौकशीविना शिक्षा टिकत नाही. म्हणून अधिकाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा आरोप नसता, तरी मी या माणसाला आज कमी केले असते का? उत्तर ‘नाही’ असेल तर नियम आठ बाजूला ठेवावा.

मूळ निवडच नियमाविरुद्ध झाली, असे वरिष्ठाला वाटले तर त्याला कागदपत्रे मागवून नेमणुकीचा फेरविचार करता येतो. तेथेही सेवकाला कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावेच लागते, कारण चूक निवड करणाऱ्याची असली तरी नोकरी मात्र सेवकाची जाते. अशा नोटिशीला उत्तर देताना सेवकाने ‘माझा काय दोष’ एवढेच लिहून थांबू नये; कोणता नियम मोडल्याचे म्हटले आहे, ते आधी लेखी मागावे आणि मगच मुद्देसूद उत्तर द्यावे.

सहावी पायरी: गैरवर्तनाचा आरोप, पुट ऑफ आणि चौकशी

पुट ऑफ ही शिक्षा नव्हे. चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवणे, एवढाच तिचा अर्थ. निरीक्षकाने तातडीत पुट ऑफ केले असेल आणि नेमणूक करणारा अधिकारी दुसरा असेल, तर पंधरा दिवसांत त्याची मान्यता मिळावी लागते, नाहीतर आदेश गळून पडतो. या काळात पहिले ९० दिवस टीआरसीएच्या ठरावीक टक्क्यांइतकी भरपाई महागाई भत्त्यासह मिळते. त्यापुढे विलंब सेवकामुळे झालेला नसेल तर ही रक्कम तिच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढवता येते, आणि सेवकामुळे झाला असेल तर तितकीच कमीही करता येते. पूर्वी पुट ऑफमध्ये काहीच मिळत नसे. ती तरतूद न्यायालयीन लढ्यानंतर बदलली. ९० दिवस संपताच वाढीव भरपाईचा अर्ज सेवकाने स्वतःहून द्यावा, कारण फाइल आपोआप वर जात नाही. पुढे निर्दोष सुटल्यास या काळाचा पूर्ण भत्ता मिळतो.

कामावरून दूर करणे आणि बडतर्फ करणे या दोन्ही शिक्षांसाठी नियम १० प्रमाणे चौकशी आवश्यक आहे. दूर केलेल्या माणसाला पुढे सरकारी नोकरीची दारे बंद होत नाहीत. बडतर्फीने ती सामान्यतः होतात. त्यामुळे बचावाचे निवेदन लिहिताना, आरोपाचा काही भाग मान्य असला तरी शिक्षेच्या प्रमाणाबद्दल वेगळा परिच्छेद जरूर लिहावा. आरोपपत्र मिळाल्यावर त्यातील प्रत्येक कागदाची प्रत आणि साक्षीदारांची यादी मागावी, चौकशीत आपली बाजू मांडायला मदत करणाऱ्या मदतनीसाचे नाव मुदतीत कळवावे, आणि ‘आधी कबुली दे, मग पाहू’ या तोंडी आश्वासनावर काहीही लिहून देऊ नये. कमी भरलेली रक्कम लगेच भरणे बहुधा शहाणपणाचे असते, पण भरताना ‘चौकशीच्या निकालास अधीन राहून’ असे शब्द अर्जात असावेत.

अधिकाऱ्याच्या बाजूने सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते खातेदारांच्या जबाबांकडे. पासबुक व हिशेब यांत तफावत आहे, असे म्हणणारा खातेदार चौकशीत प्रत्यक्ष येऊन बोलला आणि सेवकाला त्याची उलटतपासणी घेता आली, तरच त्या जबाबाला वजन येते. प्राथमिक तपासात निरीक्षकाने घेतलेले जबाब तसेच्या तसे पुरावा म्हणून जोडल्यामुळे चांगली, खरी प्रकरणेही खात्याने गमावलेली आहेत.

सातवी पायरी: अपील आणि त्यापुढे

शिक्षेच्या आदेशाविरुद्ध तीन महिन्यांत वरिष्ठाकडे अपील करता येते. आदेशाची प्रत मिळाल्याची तारीख पाकिटासह जपावी. अपिलात कोणत्या नियमाचा भंग झाला, कोणता पुरावा दुर्लक्षिला गेला आणि शिक्षा जास्त कशी आहे, हे क्रमाने लिहावे. अधिकाऱ्यावर वैयक्तिक राग काढण्याचा मोह आवरावा. फाइलवरील टिपणे किंवा निवड यादी हवी असेल, तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते.

अपील फेटाळले गेले, तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘कॅट’कडे जाता येते. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. शुल्क अवघे ५० रुपये आहे आणि ते पोस्टल ऑर्डरनेही भरता येते, हा योगायोग गमतीचा खरा. मुदत मात्र कडक आहे: अंतिम आदेशापासून एक वर्ष, अपिलावर सहा महिने काहीच निर्णय झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. एकामागून एक विनंतिअर्ज देत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, हे न जाणल्यामुळे अनेकांची बळकट प्रकरणे उंबरठ्यावरच फेटाळली जातात. कॅटच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे दाद मागता येते.

अपील किंवा अर्ज दाखल करतानाच एक मागणी अवश्य जोडावी: वाद संपेपर्यंत ती जागा केवळ प्रोव्हिजनल पद्धतीने भरली जावी आणि नव्या माणसाच्या आदेशात ‘मूळ सेवकाच्या अपिलाच्या निकालास अधीन’ असे लिहिले जावे. खात्याच्या नमुन्यात अशा नेमणुकीची सोय आहेच. ही मागणी वेळेवर केली नाही तर ऑनलाइन भरतीत ती जागा जाहीर होते, दुसरा उमेदवार गुणवत्तेने निवडून येतो, आणि मग जिंकलेल्या सेवकाला परत घेण्यासाठी एका निर्दोष माणसाला उठवावे लागते.